कंपनीतून आली तशीच एसयूव्ही घेऊन ऑफ-रोडिंगला सुरुवात कशी करावी

नवी एसयूव्ही घेतली की मनात लगेच यादी सुरू होते: उंच सस्पेन्शन, रुंद टायर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), छतावरचे दिवे. माझा सल्ला असा की पहिलं वर्षभर यातलं काहीही बसवू नका. कंपनीतून आलेली गाडी नवशिक्या चालकापेक्षा कितीतरी सक्षम असते. नवखे लोक अडकतात ते बहुधा गाडीची ताकद कमी पडल्यामुळे नव्हे, तर पुढे काय आहे ते खाली उतरून न बघितल्यामुळे, टायरमधली हवा न उतरवल्यामुळे आणि नको तिथे जोर लावल्यामुळे. या तिन्ही गोष्टी फुकट सुधारता येतात.

आधी गाडीच्या खाली जाऊन बघा

गाडीच्या पुस्तिकेतले पाच आकडे शोधून लिहून ठेवा. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे. अप्रोच अँगल म्हणजे पुढचा बंपर न टेकता किती उभ्या चढाला नाक लावता येईल. डिपार्चर अँगल हाच हिशेब मागच्या बाजूचा. ब्रेकओव्हर अँगल सांगतो की उंचवटा ओलांडताना गाडीचं पोट कधी टेकेल. पाचवा आकडा गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते त्याचा. अंदाज यावा म्हणून सांगतो, तीन दरवाजांच्या सुझुकी जिम्नीचे हे कोन अनुक्रमे ३७, ४९ आणि २८ अंश आहेत आणि क्लिअरन्स २१० मिलिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या मोठ्या एसयूव्हीचा क्लिअरन्स तेवढाच असला तरी तिचा ब्रेकओव्हर अँगल कमी भरतो, म्हणून जिथून छोटी गाडी सहज जाते तिथे मोठी पोटावर टेकते. नुसत्या क्लिअरन्सच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

मग गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, टॉर्च घ्या आणि आडवं होऊन खालून नीट बघा. इंजिनचा ऑइल संप, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, कुठे आहे, त्याखाली लोखंडी पत्रा आहे की नुसतं प्लास्टिक? इंधनाची टाकी कुठल्या बाजूला आहे? सायलेन्सरचा पाइप कुठे खाली येतो? मागे अखंड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर त्याच्या मध्यावर किंवा थोडा बाजूला डिफरन्शिअलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा दिसेल. तो बहुधा सर्वांत खाली असतो आणि चाकांबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे गाडी दबली तरी त्याची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर गाडी खड्ड्यात दबली की मधला सगळा भागच खाली येतो आणि कागदावरचा क्लिअरन्स ऐन वेळी कमी होतो. या दोन गाड्या दगडांतून वेगवेगळ्या रेषेने न्याव्या लागतात.

दरवाजाखालचे फूटस्टेप आणि बंपरची प्लास्टिकची खालची पट्टी या दोन गोष्टी सर्वांत आधी मार खातात. बोल्टने बसवलेल्या असतील तर काढून ठेवा.

खालीच असताना टो हुकही, म्हणजे गाडी ओढताना पट्टा अडकवायचे हुक, तपासा. पुढे-मागे चेसिसला पक्के बसवलेले हुक आहेत की बंपरमध्ये आटे फिरवून बसवायची कडी आहे? ही आट्यांची कडी बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ ओढण्यासाठी असते, रुतलेली गाडी हिसका देऊन काढण्यासाठी नव्हे. ट्रकवर किंवा जहाजावर गाडी बांधून नेण्यासाठी काही गाड्यांना खालून पातळ कड्या दिलेल्या असतात. त्यांनाही पट्टा लावायचा नाही.

चारचाकी ओढ नेमकी कोणत्या प्रकारची आहे?

गिअरच्या दांड्याशेजारी किंवा डॅशबोर्डवर २एच (दोन चाकांना ओढ), ४एच (चारही चाकांना ओढ) आणि ४एल (चारही चाकांना ओढ, संथ गिअर) असे पर्याय असतील तर बहुधा ती पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच लावायची, फोर-व्हील ड्राइव्ह असते. ४एचमध्ये पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती किंवा चिखल असेल तर चाकं थोडी घसरून हा फरक जिरवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र तो जिरायला जागा नसते. ताण ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अॅक्सलला जोर पोचवणाऱ्या पेटीत) साठतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते आणि कधी कधी लिव्हर परत २एचला येत नाही. म्हणून पक्क्या कोरड्या रस्त्यावर ४एच किंवा ४एल वापरू नका. लिव्हर अडकलाच तर गाडी थोडी सरळ रेषेत मागे घ्या, बहुतेक वेळा सुटतो.

४एल म्हणजे लो-रेंज. गाडीप्रमाणे साधारण दोन ते चार पट संथ गिअर. याचा खरा उपयोग जोरापेक्षा संथपणासाठी आहे. पहिल्या गिअरला गाडी माणसाच्या चालीने सरकते, क्लच जाळावा लागत नाही आणि उतारावर इंजिनच ब्रेकचं काम करतं. बहुतेक गाड्यांत ४एल लावण्यासाठी पूर्ण थांबून न्यूट्रल करावं लागतं. म्हणून अडथळा पुढ्यात येण्याआधीच लावा, अर्ध्या चढावर नव्हे.

तुमच्या गाडीला लो-रेंज नसेल, नुसती ऑल-व्हील ड्राइव्ह किंवा अगदी टू-व्हील ड्राइव्ह असेल, तरी कच्चे रस्ते, हलका चिखल आणि बेताचे चढ तिच्याने होतात. मोठे दगड आणि खडे उतार मात्र तिच्या वाट्याचे नाहीत.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या. साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की ज्या चाकाला सर्वांत कमी विरोध आहे त्या चाकाकडे फिरणं निघून जातं. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एकाच वेळी हवेत उचललं गेलं तर ती दोन चाकं गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन शांत उभी राहतात. आजच्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या बाजूला ढकलतं. पण त्याला काम करायला क्षणभर वेळ लागतो. खालून कर्रकर्र असा आवाज येतो, गाडी थरथरते, नवखा माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी पुन्हा खड्ड्यात बसते. पाय काढू नका आणि दाबूही नका. अॅक्सिलरेटर आहे तिथे स्थिर धरून ठेवा. दोन-तीन सेकंदांत चाकाची गती पडते आणि गाडी हळूच पुढे सरकते. हे एकदा जमलं की विनाबदलाची गाडी कुठवर जाऊ शकते याचा अंदाजच बदलतो. तुमच्या गाडीला डिफरन्शिअल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरायला लावणारी सोय) असेल तर तो अडथळ्यात शिरण्यापूर्वी लावा आणि पुढे वळायचं असेल तर काढा.

सोबत काय हवं

सर्वांत आधी दुसरी गाडी, आणि जमल्यास तिच्यात जाणता चालक. एकट्याने ऑफ-रोडिंग सुरू करू नका, ही अट मी कुणासाठीही शिथिल करणार नाही. रेंज नसलेल्या ठिकाणी साधं पंक्चरसुद्धा रात्र काढायला लावतं.

सामान थोडंच, पण चांगलं घ्या: हवा मोजायचा गेज, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर, लांब दांड्याचं फावडं, वहनक्षमता कोरलेले दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट ताण सोसणारा ओढायचा पट्टा, जाड हातमोजे, जॅकखाली ठेवायला रुंद फळी, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि भरपूर पिण्याचं पाणी. स्टेपनी पूर्ण मापाची आहे ना आणि तिच्यात हवा आहे ना, हे निघण्यापूर्वी बघा. लो-रेंजमध्ये इंधन खूप लागतं, तेव्हा टाकी भरूनच निघा. विमा आणि वॉरंटीच्या अटींत ऑफ-रोड वापराबद्दल काय लिहिलंय तेही वाचून ठेवा.

यानंतर पैसे उरले असतील तर ते सामानावर घालण्याआधी एखाद्या दिवसाच्या प्रशिक्षणावर घाला. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा रस्त्याच्या टायरऐवजी ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्या. मूळ गाडीत करण्यासारखा पहिला बदल तोच.

हवा उतरवा

एवढ्या एका गोष्टीने जितका फरक पडतो तितका महागड्या सामानानेही पडत नाही. रस्त्यासाठी ३२ ते ३५ पीएसआय हवा असते तेव्हा टायर कडक असतो आणि जमिनीला थोडाच टेकतो. हवा उतरवली की टेकलेला भाग लांबीने वाढतो, वजन पसरतं, टायर मातीत कमी रुततो आणि दगडाला घट्ट धरतो. गाडीतली आदळआपटही कमी होते. पहिल्यांदा उतरवाल तेव्हा टायरजवळ बसून बघा. ३५ला टायरची बाजू सरळ दिसते. २५ला जमिनीजवळ थोडा फुगवटा येतो. १८ला तळ स्पष्ट पसरलेला दिसतो आणि ते बघून भीती वाटते. वाळूसाठी नेमकं तेच हवं असतं.

सुरुवातीला हे आकडे धरा: दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेसाठी २४ ते २६, चिखलासाठी २० ते २२, मऊ वाळूसाठी १६ ते १८. जड गाडीला दोन पीएसआय जास्त ठेवा. मूळ रिमवर १५च्या खाली जाऊ नका, कारण वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. धारदार दगड असतील तर फार उतरवू नका. फुगलेली बाजू दगडाच्या धारेला लागते, आणि साइडवॉल फाटली तर वाटेत दुरुस्ती होत नाही. हवा शक्यतो टायर थंड असताना मोजा, तापलेला टायर काही पीएसआय जास्तच दाखवतो.

हवा कमी असताना वेग कमी ठेवा आणि झटक्यात वळू नका. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. घरी जायची घाई असली तरी इथे कंटाळा करू नका.

पहिला सराव मोकळ्या जागेत

परवानगी असलेली, थोडी उंचसखल जागा शोधा. तयार वाट असेल तर तिच्यावरच राहा. ओल्या गवतावर किंवा पिकाच्या कडेला चाकं फिरवून नव्या चाकोऱ्या पाडू नका. पुढच्या पावसात त्यातूनच माती वाहून जाते.

सीट नेहमीपेक्षा थोडी पुढे आणि सरळ करा. सीटबेल्ट लावा. गाडीतलं सुटं सामान बांधा. स्टिअरिंग बाहेरून धरा, अंगठे आत अडकवू नका. चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि त्याच्या आडव्या दांड्याने अंगठा मोडू शकतो. डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

आता ४एल, पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडा आणि दोन्ही पाय मोकळे ठेवा. गाडी आपोआप चालेल. तशीच एखाद्या छोट्या उंचवट्यावरून जाऊ द्या, उतारावरून येऊ द्या. ब्रेक लावायची इच्छा होईल, लावू नका. इंजिन कसं धरून ठेवतं ते अनुभवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर पक्का करा. त्यानंतर जमिनीवर एक चपटा दगड ठेवा आणि पुढचं डावं चाक बरोबर त्याच्यावर चढवून थांबवा. मग उजवं. मग मागचं. आपली चाकं कुठे आहेत हे न बघता कळणं हाच या खेळाचा पाया आहे, आणि तो याच सरावाने तयार होतो.

प्रत्यक्ष वाटेवर

प्रत्येक अनोळखी अडथळ्यापाशी थांबा, उतरा, चालत पलीकडे जा, वळून परत या. चालताना प्रत्येक चाक कुठून जाईल ते ठरवा. बाहेर उभं राहून खुणा करणारा माणूस एकच असावा. चार जण चार बाजूंनी ओरडले की चालक गोंधळतो. त्याच्या खुणा आधी ठरवून घ्या आणि तो दिसेनासा झाला की गाडी थांबवा.

दगड: मोठा दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा मोह होतो. तिथेच डिफरन्शिअल आणि संप असतात. दगडावर चाक चढवा, पोट आपोआप उचललं जातं. चढल्यावर धपकन उतरू नका, ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरवा.

चर किंवा आडवा खड्डा: समोरासमोर गेलात तर बंपर टेकतो. थोडं तिरकं जा, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली उतरेल. फार तिरकं झालं तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं उचलली जातात, ते वर सांगितलंच.

चाकोऱ्या: खोल चाकोरीत स्टिअरिंग कितीही वळवलं तरी गाडी सरळच जाते. मग चाकोरी उथळ झाली की गाडी झटकन बाहेर उडी मारते. म्हणून खिडकीतून डोकावून चाकं सरळ आहेत का ते बघत राहा. चाकोरी तुमच्या क्लिअरन्सपेक्षा खोल असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या काठावर ठेवून जा.

चढ: नाकासमोर सरळ चढा. वर पलीकडे काय आहे ते आधी चालत जाऊन बघितलेलं असू द्या. गिअर खालीच ठरवा, मधे बदलू नका. चढ न जमणं अगदी नेहमीचं आहे. धोका असतो तो त्यानंतरच्या गडबडीत. गाडी थांबली किंवा बंद पडली की ब्रेक एकदाच घट्ट दाबा आणि धरून ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत दोन-तीन दाबांतच संपते, त्यामुळे पंप करू नका. हँडब्रेक ओढा. क्लच दाबून इंजिन सुरू करा, रिव्हर्स टाका, पुढची चाकं सरळ करा. क्लच पूर्ण सोडा, हँडब्रेक काढा, मग पायाचा ब्रेक हळूहळू सोडा. गाडी रिव्हर्स गिअरच्या पकडीत, आली तशीच खाली जाईल. आरसे बघत सरळ उतरा. क्लच दाबून नुसतं घरंगळू देऊ नका आणि अर्ध्या चढावर गाडी वळवायचा प्रयत्न अजिबात करू नका. आडवी झालेली गाडी उलटते. हा सारा क्रम छोट्या, निर्धोक चढावर मुद्दाम थांबून हातात बसेपर्यंत करा.

उतार: ४एल, पहिला गिअर, सरळ खाली. मागची बाजू घसरून आडवी व्हायला लागली तर ब्रेक सोडा आणि अगदी थोडा अॅक्सिलरेटर द्या. गाडी पुन्हा सरळ होते. मनाविरुद्धची गोष्ट आहे, पण ब्रेक दाबून धरला तर चाकं लॉक होऊन घसरण वाढते. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) असेल तर जरूर वापरा.

आडव्या उतारावरून जाणं शक्यतो टाळा. जावंच लागलं आणि गाडी घसरू लागली तर स्टिअरिंग उताराकडे वळवा, वर नाही.

चिखल: मधे थांबायचं नाही, एकसारखा बेताचा वेग ठेवायचा. चाकं फिरू लागली तर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा, टायरच्या कडांना नवी पकड मिळते. तरीही सरकत नसेल तर लगेच थांबा. जागच्या जागी चाक फिरवणं म्हणजे स्वतःसाठी खड्डा खणणं.

वाळू: हवा उतरवा, स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा, कारण ते ऐन वेळी इंजिनचा जोर काढून घेतं. लांब, रुंद वळणं घ्या. थांबताना ब्रेक न लावता पाय काढून थांबू द्या, शक्यतो उताराकडे तोंड करून. ब्रेक लावला की चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो आणि निघता येत नाही. रुतलात तर पुढे जोर करण्याआधी आल्या चाकोरीतूनच मागे या.

पाणी: इथे मी सर्वांत जास्त सावध राहायला सांगेन. वाहत्या पाण्यात सुमारे ३० सेंटिमीटर खोली लहान गाडी तरंगवू शकते आणि ६० सेंटिमीटर खोली एसयूव्हीसुद्धा वाहून नेऊ शकते. कंपनीने खोलीचा आकडा दिलेला असतो तो बहुधा शांत पाण्याचा आणि कडक तळाचा. नवख्याने चाकाच्या मध्यापर्यंतच्या, मंद पाण्यापलीकडे जाऊ नये. ओढा उथळ आणि संथ दिसला तरी काठीने तळ चाचपत एकदा चालत पार करा. पायी चालता येणार नाही इतका ओघ असेल तर गाडीही घालू नका. पूर असेल, तळ कळत नसेल, तर परत फिरा.

शिरण्याआधी गाडी थोडा वेळ थंड होऊ द्या. तापलेलं डिफरन्शिअल थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर होण्याच्या वाटेतून) पाणी आत ओढलं जातं. लो-रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर. हळू शिरा, मग वेग एवढाच ठेवा की बंपरपुढे एक छोटी लाट तयार होऊन गाडीबरोबर चालेल. तिच्यामागे इंजिनभोवतीची पातळी थोडी खाली राहते. क्लचला पायही लावू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि हवेच्या मार्गाने पाणी आत गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. ओढून बाहेर काढा, आधी एअर फिल्टर ओला आहे का बघा. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ते सुकतील.

रुतल्यावर

हवेत उचललेल्या चाकाचा प्रसंग सोडला तर, चाक फिरलं आणि गाडी हलली नाही, की पाय काढा आणि उतरा. गाडी कशावर टेकली आहे ते शोधा. फावड्याने चाकांपुढची माती आणि पोटाखालचा ढीग काढा, हवा आणखी दोन-चार पीएसआय उतरवा, चाकांखाली चपटे दगड, फांद्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या फळ्या) ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

ओढावंच लागलं तर पट्ट्याच्या प्रकाराकडे लक्ष द्या. न ताणला जाणारा पट्टा हळू, एकसारख्या ओढीसाठी असतो; त्याने हिसका दिला तर काहीतरी तुटतं. हिसक्यासाठी ताणला जाणारा कायनेटिक दोर मिळतो. कोणताही असो, ट्रेलर जोडायच्या गोल बॉलला कधीही अडकवू नका. तो बॉल तुटून गोळीसारखा काचेतून आत येतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. पट्ट्याच्या मधोमध जड घोंगडी किंवा ओली गोणी टाका. चालकांशिवाय सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर आणि बाजूला उभं करा. ताणलेला पट्टा कुणालाही ओलांडू देऊ नका. दोन पट्टे जोडायचे झाले तर मधे लोखंडी शॅकल घालू नका.

परत आल्यावर

वाटेतच, हवा भरताना, खालून एक नजर टाका. सायलेन्सरच्या तापलेल्या भागापाशी सुकं गवत अडकलं असेल तर लगेच काढा, त्याने गाडी पेट घेऊ शकते. चारही टायरच्या आतल्या बाजू हाताने चाचपा. घरी गाडी खालून धुवा, रेडिएटरच्या जाळीतला चिखल हलक्या धारेने काढा, व्हील नट तपासा. पाण्यातून गेला असाल तर डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघून घ्या. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय, बदलावं लागेल. आणि हायवेला लागल्यावर स्टिअरिंग थडथडू लागलं तर घाबरण्यापूर्वी रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल आहे का ते बघा. बऱ्याचदा कारण तेवढंच असतं, तो खरवडून काढला की थडथड थांबते.